पळसाचा मध

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "बाई, डोक्याला काय लावता?"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. यजमान रेल्वेत, कुर्डुवाडीला. शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. शुक्रवार पेठेत एका घराच्या माळवदावर, म्हणजे सपाट गच्चीवर, दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. घरमालक जात विचारतात, माणसं किती विचारतात, पाणी किती लागतं विचारतात, हे ऐकून माहीत होतं. तेलाची चौकशी कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं.

"खोबरेल," मी म्हणाले.

"नुसतं, का वासाचं?"

"नुसतं."

"गजरा घालता?"

"कधीतरी."

"काळं लुगडं हाय का?"

यजमान माझ्याकडे बघायला लागले. लग्न होऊन सहा महिने झालेल्या बाईकडे संक्रांतीचं एक काळं लुगडं असणारच. मी मान हलवली.

"ते नेसून माळवदावर यायचं न्हाई. खाली आमच्यात नेसायचं आन तितनंच बाहेर जायचं," असं म्हणून मालक जिना चढून गेले. भाडं, नळ, संडास असल्या किरकोळ गोष्टी त्यांनी काकूंवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर सोडल्या होत्या. काकूंनी डोळ्यांनीच मला 'घाबरू नको' म्हटलं आणि म्हणाल्या, "वर माशांच्या पेट्या हायत की. मधाच्या. काळं दिसलं, वास आला की चवताळत्यात त्या."

सोलापुरात कुणालाही 'मालक' म्हणतात, रिक्षावालाही आणि केळीवालाही. पण आमचे हे मालक घराचे मालक होते म्हणून नव्हे, तर त्या चार पेट्यांचे मालक म्हणून सगळी गल्ली त्यांना तसं म्हणायची, आणि ते मात्र म्हणायचे, "मी कसला मालक? त्या हायत. मी राखण करतोय."

उंच, काटकुळा देह. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. रंगीत कपडा त्यांच्या अंगावर मी कधी पाहिला नाही. पूर्वी त्यांचं धान्याचं अडत दुकान होतं. पन्नाशीत ते धाकट्या भावाच्या हवाली करून हे महाबळेश्वरला सरकारी शिक्षण घ्यायला गेले, आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या बाकावर बसून माशा पाळायला शिकून आले. डोंगरातली ही सातेरी माशी सोलापूरच्या उन्हात टिकणार नाही, असं त्यांना शिकवणाऱ्यानंच सांगितलं होतं. मालकांना कुणी 'होणार नाही' म्हटलं की झालंच.

येताना दोन पेट्या ओल्या पोत्यात गुंडाळून त्यांनी पॅसेंजरमधून आणल्या. कुर्डुवाडीला तिकीट तपासनिसानं पेटीला कान लावला आणि विचारलं, "आत काय आहे?"

"माणसं," मालक म्हणाले.

"किती?"

"पंदरा-वीस हजार आस्तील."

"तिकीट?"

"बाई एकच हाय. बाकी समदी तिच्या पोटची. लेकरास्नी कुटं तिकीट आस्तंय?"

ही गोष्ट मालक सांगायचे तेव्हा मला ती पदरची वाटायची. पुढे यजमानांना तोच तपासनीस भेटला. तो म्हणाला, खरं आहे, पण म्हातारा एक सांगत नसेल. पुढच्या स्टेशनापर्यंत अख्खा डबा त्याच्या एकट्यासाठी रिकामा झाला होता.

माणसांशी ते मराठी बोलत आणि माशांशी कानडी. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मराटीत बोललं की त्यांस्नी भांडल्यागत वाटतंय." माशांना अहो-जाहो करत. गल्लीतलं कुठलं पोर चावून घेऊन रडत आलं, तर नखानं काटा काढायच्या आधी त्याची उलटतपासणी व्हायची. "तू काय केलास ते सांग. माशी चावत न्हाई. आपण चुकतो, ती सांगती." पोर बिचारं आधी काटा काढा म्हणून ओरडायचं, पण कबुलीशिवाय सुटका नव्हती.

त्या घरातल्या माझ्या पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. काळ्या लुगड्याचं प्रकरण मी साफ विसरले होते. संध्याकाळी शाळेतल्या बायका आल्या, सगळ्या काळ्या चंद्रकळेत, डोक्यात हातहात लांब गजरे. जिन्याच्या तोंडाशी मालक उभे. शेजारी धुतलेल्या पांढऱ्या चादरींची चळत. एक शब्द न बोलता ते प्रत्येकीला एक चादर देत आणि ती डोक्यावरून पांघरल्याचं पाहूनच वर सोडत. आमच्या मुख्याध्यापिकाबाई कडक. त्यांच्यासमोर मुली चळचळा कापत. त्या म्हणाल्या, "अहो, हे काय?" मालक म्हणाले, "वर चार घरं हायत, बाई. त्यांच्या दारावरनं जायाचंय." मुख्याध्यापिकाबाई चादर पांघरून वर आल्या. माझ्या हळदीकुंकवाला बारा बायका चादरी पांघरून एका रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि तिळगूळ घेतानाही कुणी डोक्यावरची चादर खाली केली नाही. वर्षभर शाळेत माझी चेष्टा चालली होती.

मध त्यांनी विकला नाही. कुणाला खोकला झाला, बाळंतीण घरी आली, की दवाखान्यातून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यात भरून द्यायचे. शिकवून शिकवून माझा घसा बसायचा, म्हणून माझ्या खिडकीत एक बाटली कायमची असे. मात्र देण्याआधी चमच्याचं टोक जिभेला लावून फूल ओळखायचं, हा नेम. "ही करडई. ही चिंच. हे बोरीचं." ते डोळे मिटून सांगत आणि मग आपल्याला चाखायला लावून विचारत, "कळलं का?" मला काही कळायचं नाही. मी "हो हो, करडई" म्हणून मोकळी व्हायचे.

सगळ्यात कडक नेम साखरेचा. फुलोरा नसेल तेव्हा माशांना साखरेचा पाक करून घालतात, असं त्यांना शिकवलं होतं. मालकांनी तो कधी घातला नाही. "माणसाच्या हातचं खाल्लं की ती माशी ऱ्हाईना. मग ती आपल्यागत." गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक गाठीवाले होते. होळी-पाडव्याच्या आधी महिनाभर त्यांची भट्टी चालायची. लाकडी साच्यांत दोरा ठेवून त्यावर रंगीत पाक ओतायचा आणि साखरेच्या माळा काढायच्या. गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या. मालक त्या दिवसांत त्या बाजूनं जातच नसत. कपड्याला साखरेचा वास लागेल म्हणून बाजारालाही उलट्या बाजूनं, मोठा वळसा घालून जायचे. गाठीवाल्यांना याचा राग होता की गंमत वाटायची, मला सांगता येणार नाही.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. सोलापूरकराला त्या सालाबद्दल काही सांगायची गरज नाही. माणसांच्या हालापुढे माशांचं काय, असं कुणीही म्हणेल, आणि मालकही तसंच म्हणायचे. पण रोज सकाळी आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी ते खडे घातलेल्या मातीच्या परळात ओतून पेट्यांपाशी ठेवायचे. करडई उगवलीच नव्हती. चिंचा वठल्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला एक मोहोळ उठलं आणि परत आलं नाही. पौषात आणखी एक. शिवरात्रीच्या आधी तिसरी पेटी उघडली तर आत मूठभर मेलेल्या माशा. उरली एक.

"पाक घाला की वो," काकू रोज म्हणायच्या. "जीव हाय त्यो. नेम कसला धरून बसलाय?"

मालक जेवणावरून उठून जायचे. ताट तसंच राहायचं. काकूंचंही मग राहायचं.

शिवरात्र झाली आणि एक दिवस शाळेतून येताना मी गाठीवाल्यांच्या दारावरून आले. बाहेरच्या दगडावर बाई साचे धूत होती, गुलाबी पाणी गटारीपर्यंत गेलं होतं, आणि त्या पाण्याच्या कडेनं माशाच माशा. आमच्याच होत्या. दुसऱ्या कुणाकडे होत्या कुठे? मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळत घरी आले. नेम मोडला नाही आणि पोटं भरली, आता मालकांना कसं सांगावं, याचा विचार करत जिना चढले, तर मालक वर पेटी उघडून उभे. डोळ्यांत पाणी.

"बाई, मध भरतायत! ह्या दुस्काळात!"

चौकटीच्या एका कोपऱ्यातला तुकडा त्यांनी कापून घेतला होता. तो पिळून त्यांनी मध पेल्यात धरला, उन्हाकडे केला. फिकट गुलाबी होता. चमच्याचं टोक जिभेला लावून ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.  

"पळस," ते म्हणाले. "दुसरं काय आसणार? आत्ता फुलतोय त्यो एकच. रंग बगा की. कुटंतरी पळस हाय, बाई, आन ह्यांनी त्यो हुडकून काडलाय."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी रोज चाळीस मुलींना खरं बोला म्हणून सांगणारी बाई. पण तीन पेट्या गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, पळसच." त्यांनी पाच बाटल्या भरल्या. चार घरांत दिल्या आणि पाचवी माझ्या घशासाठी.

गप्प बसणं एवढ्यावर भागलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते. दुसऱ्या दिवशी मालकांनी सायकल काढली. पळस हुडकायला. झाड कुठं आहे ते कळलं तर त्याच्या जवळ पेटी नेऊन ठेवता येईल, उन्हाळा निघेल, असा त्यांचा हिशोब. साठी उलटलेला माणूस, फाल्गुनातलं ऊन, डोक्यावर ओला पंचा. सकाळी निघायचे ते दुपार कलल्यावर यायचे. पहिल्या दिवशी अक्कलकोटच्या रस्त्याला गेले. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या. माशी एवढ्या लांब जात नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं, पण आता ते म्हणायचे, "दुस्काळात जात आसंल."

तिसऱ्या दिवशी आले ते ओठ फुटलेले, डोळे लाल. पायरीवर बसले आणि काकूंनी दिलेलं पाणी त्यांच्या हातून निम्मं सांडलं.

"आज घरीच थांबा उद्या," मी काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"उद्या दक्षिणेला बगतो. तिकडं वढा हाय. वढ्याकाठी आसतोय पळस."

मी वर गेले आणि खोलीत बसून राहिले. आता सांगावं तर तीन दिवसांपूर्वी का सांगितलं नाही, हे सांगावं लागणार. रोज ते अवघड होत चाललं होतं. चौथ्या दिवशीही ते गेले, आणि मी जिन्यात उभी राहून त्यांना जाताना बघत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी गाठीवाले स्वतःच आले. हातात पिठाची चाळण, वर फडकं. मालक सायकलला हवा भरत होते. त्यांच्या पायरीवर गाठीवाले कित्येक वर्षांत चढले नव्हते, त्यामुळे बोळातली दोन-तीन माणसंही थांबली.

"मालक, राग मानू नका," ते म्हणाले आणि त्यांनी फडकं काढलं. चाळणीत माशा होत्या. गुलाबी पाकात माखून एकमेकींना चिकटलेल्या, शेकड्यांनी. "शिवरात्रीपासनं हे असं चाललंय. धुवणातलं पाणी पीत हुत्या तवर ठीक हुतं. आता सरळ कढईत पडत्यात. रोज चाळण भरती. गडी म्हंत्यात धूर करू. मी म्हनलं, न्हाई, मालकांच्या हायत. पण माझ्याच्यानं बगवंना."

मालकांनी चाळणीतली एक माशी बोटानं उचलली. बोट जिभेला लावलं. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.

"शिवरात्रीपासनं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

मालकांनी पंप खाली ठेवला. "तुमचं लई नुकसान केलं आमी," ते गाठीवाल्यांना म्हणाले आणि आत गेले. बोळातल्या माणसांपैकी कुणीतरी हसलं. गाठीवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट चालू लागला.

थोड्या वेळानं मालक पिशवी घेऊन बाहेर पडले आणि चारी घरांत जाऊन बाटल्या परत मागून आणल्या. "मी चुकून मध म्हणून दिलं. मध न्हाई ते," एवढंच बोलले, असं मला मागाहून कळलं. शेवटी माझ्या दाराशी आले.

मी बाटली दिली आणि म्हटलं, "मालक, मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी माशा तिथं पाहिल्या होत्या."

 मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग मी सायकल काडत हुतो तवा…" त्यांनी पिशवीत बाटली टाकली आणि जिना उतरले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी येता-जाता खाली मान घालायचे. काकू सांगायच्या, नीट जेवत नाहीत, कुणाशीच बोलत नाहीत. आणि तिकडे भट्टी चालूच होती. ती थांबवा असं सांगायला तोंड नव्हतं. गाठीवाल्यांचं वर्षाचं पोट त्या एका महिन्यावर. पेटीचं दार बंद करावं तर आत उकडून मरणार. उघडं ठेवावं तर कढईत. मालक सकाळी उठून पेटीतून माशा उडताना बघायचे, आणि संध्याकाळी परतणाऱ्या बघायचे. मोजण्याची गरज नव्हती. नुसतं बघून कळत होतं. आणखी आठवडाभरात पेटी संपली असती.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझ्या दाराची कडी वाजली. मालक होते. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलेलं. त्यांनी ते माझ्या ओट्यावर ओतलं. गाठ्यांचे तुकडे होते, पांढरे, बिनरंगाचे. ते त्या बाजूनं गेले होते. भट्टीपर्यंत गेले होते, आत जाऊन मागून आणले होते.

"बाई, ह्याचा पाक करता येतोय का?"

"येतो की."

"प्रमाण ठाऊक न्हाई मला. महाबळेश्वरात पाकाचा तास आला, तवा मी उटून भाईर गेलतो."

हसावं की रडावं कळेना. मी स्टोव्ह पेटवला. मलाही माशांचा पाक कुठे ठाऊक? मला गुलाबजामचा येत होता. पहिला केला तो एकतारी झाला. मालकांनी बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ह्यात बुडून मरतील." मग पाणी वाढवत गेलो. परत आणलेल्या पाचही बाटल्या त्यांनी त्यात ओतल्या. चहाइतका पातळ झाल्यावर त्यांनी मान हलवली. पसरट वाडगा, त्यात तरंगत्या काड्या, माशांना पाय ठेवायला. मी झाकण धरलं आणि त्यांनी तो वाडगा पेटीत ठेवला. मी काळं नेसले नव्हते ना, हे बघायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

सकाळी मी उठले तर मालक माळवदावर बसलेले. पेटी उघडायचं त्यांना धाडस होत नव्हतं. "तुमी शाळंला जाताना जरा तिकडनं जावा," ते म्हणाले. "चाळण बगून जावा."

मी गेले. गाठीवाल्यांनी मला दारात पाहिलं आणि काही न विचारता चाळण आणून दाखवली. तळाशी पाच-सहा माशा होत्या. "काल ह्या वक्ताला निम्मी भरली हुती," ते म्हणाले. "आज आल्याच न्हाईत, बाई. काय केलंत?"

शाळेची घंटा झालेली मला ऐकू येत होती. मी मागे फिरले आणि पदर खोचून घरी पळत आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हजेरीच्या मस्टरवर माझ्या नावापुढे उशिराची लाल शाई एकदाच आहे, ती त्या दिवसाची. जिना चढून वर आले आणि धापा टाकत सांगितलं, "पाच-सहाच! चाळणीत पाच-सहाच होत्या!"

मालकांनी पेटीचं झाकण काढलं. वाडगा कोरडा होता. काड्यासुद्धा चाटूनपुसून लख्ख. वाडग्याच्या तळाशी अजून चार-पाच माशा फिरत होत्या, काही राहिलंय का बघत.

"उपाशी हुत्या," ते म्हणाले. "उपाशी हुत्या, बाई. गटारीचं पीत हुत्या, कढईत पडत हुत्या. त्यांनी जे आनलं त्यातलंबी मी कापून घेतलं. आन पळस हुडकत फिरलो."

आणि ते रडले. काकू जिन्यात येऊन उभ्या होत्या, त्या पुढे आल्या नाहीत. मी दोन दिवस मनातल्या मनात जुळवून ठेवलेली माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वाडगा उचलून बंडीनं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"दुपारी शाळा सुटली की सरळ घरी या," ते म्हणाले. "आज जास्ती करावा लागंल."